दोन डोकी, एक पोट

अक्कलकोटला जाणाऱ्यांचे साधारण दोन प्रकार असतात. पहिला प्रकार तुम्हाला माहीत आहेच. शनिवारी पहाटे स्वामींचं दर्शन, अन्नछत्रात महाप्रसाद, दुपारी गाणगापूर किंवा तुळजापूर, रविवारी रात्री घर आणि सोमवारी डोळे चोळत ऑफिस. दुसरा प्रकार म्हणजे ज्यांचं आजोळ तिथं आहे. त्यांना दर्शनाची घाई नसते, कारण आधी मामाच्या घरी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा असा कार्यक्रम असतो. मी दुसऱ्या प्रकारातली. पण गेल्या वेळी मी सोबत एक पक्षी घेऊन गेले होते. म्हणजे लॅपटॉपमध्ये.

सांगते. मी पुण्यात एका डिझाइन स्टुडिओत काम करते. लोगो, मेन्यू कार्ड, लग्नाच्या पत्रिका, काय वाट्टेल ते. एका नव्या रेस्टॉरंटच्या मालकांना लोगो हवा होता आणि ब्रीफमध्ये एकच शब्द होता: रॉयल. आमच्या क्षेत्रात ‘रॉयल’ म्हटलं की समजायचं, सोनेरी रंग, मुकुट आणि एखादा गरुड. बॉसनं सुचवलं, साधा गरुड नको, दोन डोक्यांचा टाक, रशियन नोटांवर असतो तसा. मी टाकला. पसरलेले पंख, डावीकडे एक चोच, उजवीकडे एक चोच आणि छातीवर एक ढाल, त्या ढालीत रेस्टॉरंटच्या नावाचं पहिलं अक्षर. मालक खूश, बॉस खूश. फक्त फायनल करायचं बाकी होतं.

माझा एक वाईट स्वभाव आहे, काम संपल्यावर मी वाचायला लागते. युरोपात ढालींवरच्या चिन्हांचं अख्खं शास्त्र आहे, हेराल्ड्री. त्यात ढालीवरचा पक्षी कधीच खराखुरा पक्षी नसतो. तो खूण असतो, आणि प्रत्येक खुणेला स्वतःचं नाव असतं. ‘मार्टलेट’ नावाचा एक पक्षी आहे, आपल्या पाकोळीच्या जातकुळीतला, पण त्याला पायच काढत नाहीत. इंग्लंडच्या पद्धतीत ही खूण चौथ्या मुलाची. त्याच्या वाट्याला जमीन येणार नाही, मग टेकायला पाय तरी कशाला, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. (माझे बाबा चार भावांतले धाकटे. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, आमच्याकडे जमीन होती कुठे, सगळेच बिनपायाचे!) ‘अलेरिऑन’ म्हणून दुसरा एक आहे, त्याला चोचही नाही आणि पायही नाहीत. फ्रान्समधल्या लोरेन घराण्याच्या ढालीवर असे तीन बसलेत. म्हणजे बसलेत तरी कसे म्हणायचं!

मग मी माझ्या दोन डोक्यांच्या पक्ष्याचं नाव शोधायला घेतलं. पण शुक्रवार आला, आईचा फोन आला, आणि मी हुतात्मा एक्स्प्रेस पकडली.

अज्जी

इथे जरा खासगी बोलावं लागेल. माझी आई अक्कलकोटची, घरात कानडी बोलणारी. बाबा पक्के पुणेकर. तुकोबांचा एक अभंग आहे, कानडी बाईनं मराठी नवरा केला आणि दोघांना एकमेकांचं अक्षर कळेना, ती जवळ बोलावते आणि तो भलतंच समजून पळ काढतो. आमच्या घरात हा अभंग बाबांनी इतक्यांदा ऐकवलाय की आईनं कानडी बोलणंच सोडलं. फोनवर मामाशी बोलायची तेवढीच, तीही बाल्कनीत जाऊन. त्यामुळे मला कानडी येत नाही. कधी गरजही पडली नाही, कारण अज्जीला मराठी छान येत होतं. सुट्टीत तिच्या मांडीवर पडून मी ज्या गोष्टी ऐकल्या त्या सगळ्या मराठीतच ऐकल्या.

दीड वर्षापूर्वी तिला झटका आला. हात-पाय सावरले. बोलणंही परत आलं, पण फक्त कानडी. मराठी गेलं. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पाळण्यातली राहते. मला हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ‘ओके’ म्हणाले आणि मीटिंगला गेले. खरं सांगायचं तर त्यानंतर मी अक्कलकोटला जायचं टाळतच होते. जाऊन बोलणार काय?

सोलापूर स्टेशनवर मामा गाडी घेऊन आला होता. तिथून अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर. अक्कलकोट रोड नावाचं स्टेशनही आहे, पण नावावर जाऊ नका, ते गावापासून बरंच लांब पडतं. पोचलो तेव्हा अज्जी जागी होती. तिनं आईचा हात धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “याव ऊर?”

एवढं मलाही कळलं. कुठलं गाव तुझं?

लाल ढाल, पांढरा पक्षी

सकाळी मामा मला गावात घेऊन गेला. मामा निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं त्यानं मराठी शिकवलं, घरात कानडी बोलत. वर्गात ज्ञानेश्वरी आणि स्टाफरूममध्ये कानडी शिव्या, असं तो स्वतःच सांगतो.

अक्कलकोटची सकाळ म्हणजे कानाला मजा असते. फुलवाला गिऱ्हाइकाला मराठीत भाव सांगतो आणि मागे पोराला कानडीत झापतो. रिक्षावाला पुण्याची माणसं ओळखून हिंदीत सुरू होतो. चटणीच्या दुकानात शेंगाचटणी मागा, मिळते. शेंगा हिंडी मागा, तीच मिळते, आणि मला वाटतं थोडी जास्त मिळते. इथलं संस्थान भोसल्यांचं. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांकडून सुटून परत येताना वाटेत पारदच्या लोखंडे पाटलांशी लढाई झाली, पाटील पडले, त्यांच्या बायकोनं लहान मुलाला महाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी फत्ते झाली म्हणून पोराचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि त्याला आपल्या मुलासारखं वाढवलं. त्या फत्तेसिंहाच्या वाट्याला पुढे अक्कलकोट आलं. राजा मराठी, बरीचशी प्रजा कानडी. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पण बाजाराचं बोलणं काही विलीन झालं नाही.

वटवृक्षाच्या देवळाजवळ गर्दी होती. स्वामी समर्थ १८७८ मध्ये समाधिस्थ झाले, त्याआधी वीस-बावीस वर्षं ते याच गावात राहिले. देवळाबाहेर गाड्यांच्या रांगेत केए-३२ नंबरची, म्हणजे कलबुर्गीची, एक पांढरी सरकारी जीप उभी होती. पुढच्या काचेवर स्टिकर. लाल ढाल, तिच्यावर पांढरा दोन डोक्यांचा पक्षी, दोन्ही बाजूंना सिंहाचं धड आणि हत्तीची सोंड असलेले दोन प्राणी, वर अशोकस्तंभाचे सिंह, खाली सत्यमेव जयते.

“मामा, हा माझा लोगो आहे!” मी जवळजवळ ओरडलेच.

मामानं चष्मा वर करून बघितलं. “तुझा कसला? हे कर्नाटक सरकारचं राजचिन्ह. हा गंडभेरुंड.”

आता तुम्ही म्हणाल, डिझायनर असून हे माहीत नव्हतं? नव्हतं. मी रशियापर्यंत जाऊन आले होते आणि माझ्या आजोळापासून तासाभराच्या सीमेवर कुठला पक्षी आहे ते बघितलं नव्हतं.

गंड म्हणजे नवरा

मामाला विषय मिळाला. शिक्षकाला विषय देऊ नये. आम्ही टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला.

गंड म्हणजे आजच्या कानडीत नवरा. (टपरीवाल्या काकांनी इथं हसून मान डोलावली.) जुन्या कानडीत गंड म्हणजे वीर, मर्द. भेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी. पुराणातली गोष्ट अशी सांगतात: नरसिंहाचा राग हिरण्यकशिपूला मारूनही शमेना, म्हणून शंकरानं शरभाचं रूप घेतलं, आणि शरभाला आवरायला विष्णूनं गंडभेरुंडाचं. शैवांना विचारा, ते गोष्ट शरभापाशीच थांबवतात. बेलूरच्या चेन्नकेशव देवळात याचं एक शिल्प आहे. छोट्या प्राण्याला मोठा धरतो, त्याला त्याहून मोठा, पुढे हत्ती, सिंह, शरभ अशी ती साखळी चढत जाते आणि सगळ्यांच्या वर गंडभेरुंड. बाजूला एक ऋषी आश्चर्यानं बघत बसलाय. मला तो ऋषी फार आपला वाटतो. सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगला मी तशीच बसते.

शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळीगावीला एका उंच खांबावर हा पक्षी आहे, १०४७ चा. कल्याणीच्या चालुक्यांच्या एका मांडलिकानं उभारलेला. त्याला धड माणसाचं आणि डोकी पक्ष्याची. तेव्हा सोलापूरचा मुलूखही त्याच चालुक्यांकडे होता. पुढे विजयनगरच्या अच्युतदेवरायानं सोळाव्या शतकात सोन्याच्या नाण्यांवर हा पक्षी घातला, चोचींत आणि नखांत हत्ती धरलेला. नाणं नखाएवढं, त्यात एक पक्षी आणि इतके हत्ती! मला तर दोन सेंटिमीटरच्या लोगोत एक मुकुट बसवताना घाम फुटतो. नंतर म्हैसूरच्या वडेयर राजांनी तो आपल्या चिन्हात घेतला आणि त्यांच्याकडून तो राज्य सरकारकडे आला.

आणि रशिया? तोही याच गोतावळ्यातला, पण किती जवळचा ते कोण सांगणार. दोन डोक्यांचा पक्षी तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांनी इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपास दगडात कोरलाय. तक्षशिलेच्या सिरकपमध्ये एक स्तूप त्याच्याच नावानं ओळखला जातो. बायझंटाइन सम्राट, ऑस्ट्रिया, अल्बेनिया, सर्बिया, सगळ्यांकडे आहे. पण त्यांच्याकडे तो गरुडच राहिला, फक्त डोकं एक जास्त. स्वतःचं वेगळं नाव, स्वतःचं पुराण आणि हत्ती उचलण्याची ताकद आपल्याकडच्यालाच मिळाली.

“आणि मराठीत?” मी विचारलं. मला वाटलं मामा गप्प बसेल.

“मराठीत तू रोज वापरतेस. भारूड!”

एकनाथांचं भारूड आपण शाळेत म्हटलंय. वरून विंचू चावल्याची, भूत लागल्याची गंमत आणि आतून परमार्थ. या शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की भारूड हे ‘भारुंड’वरून आलं. भारुंड म्हणजे तोच दोन डोक्यांचा पक्षी. एकच गाणं, पण दोन तोंडांनी बोलतं. बहुरूढवरून आलं असंही काही जण म्हणतात. मामाचं मत विचाराल तर पक्षीच. मराठीचा शिक्षक आणि घरात कानडी, तो दुसरं काय म्हणणार?

पाणी कुठून येतं ते सांग

जीपचा ड्रायव्हर आला, त्यानं मामाला कानडीत रस्ता विचारला, मामानं सांगितला. जीप गाणगापूरकडे गेली. मी मामाला जरा चिडवलं, “त्यांच्या चिन्हाचं बरंच कौतुक आहे तुला. तिकडेच जायचंय का?”

हा प्रश्न अक्कलकोटमध्ये गमतीत विचारू नये, हे मला विचारल्यावर कळलं. १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली, धारवाड-विजापूर तिकडे गेले, अक्कलकोट इकडे राहिलं. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानं अक्कलकोट तिकडे द्यावं असं सांगितलं. महाराष्ट्रानं तो अहवाल फेटाळला. आपण पुण्यात बसून बेळगाव-निपाणी एवढाच सीमाप्रश्न ऐकलेला असतो. पण त्याच अहवालात इकडून तिकडे जाणारीही गावं होती, आणि त्यांत माझं आजोळ होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी पुन्हा अक्कलकोटवर हक्क सांगितला, तेव्हा इथे काळं फासणं, बस अडवणं सगळं झालं. त्याच दिवसांत तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी रस्ता नाही, पाणी नाही म्हणून कर्नाटकात जायची भाषा केली.

“त्या वेळी टीव्हीवाले आले होते,” मामा म्हणाला. “मला विचारलं, तुम्ही कुणाचे? मी म्हणालो, नळाला पाणी कुठून येतं ते आधी सांगा. त्यांनी ते दाखवलं नाही.”

मग तो बराच वेळ काही बोलला नाही. घरी जाताना एवढंच म्हणाला की अम्मानं, म्हणजे अज्जीनं, त्या आठवड्यात टीव्ही बंदच ठेवला होता. तिला दोन्हीकडच्या घोषणा कळत होत्या, हाच तिचा त्रास होता.

होट्टी एल्लैती?

दुपारी जेवणं झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, एण्णेगाई म्हणजे भरलेली वांगी. पुण्यात ‘सोलापुरी थाळी’ म्हणून जे मिळतं त्याबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

आई आणि मामी आवराआवर करत होत्या. मी अज्जीच्या कॉटवर बसले. काय बोलावं कळेना, म्हणून लॅपटॉप उघडला आणि तिला पक्षी दाखवला. फोटो दाखवावा तसा. ती बराच वेळ बघत होती. मग तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं, एका डोक्यावर, मग दुसऱ्यावर.

“गंडभेरुंड,” ती म्हणाली. मग बोट खाली आणलं, माझ्या त्या सुंदर सोनेरी ढालीवर, आणि भुवया वर केल्या. “होट्टी एल्लैती?”

“पोट कुठंय म्हणते,” आई आतून ओरडली.

आणि अज्जी सुरू झाली. एरड तली, वंद होट्टी. दोन डोकी, एक पोट. आई पदराला हात पुसत येऊन बसली आणि भाषांतर करायला लागली. एक पक्षी होता. एका तोंडाला गोड फळ सापडलं. दुसरं तोंड म्हणालं, मला थोडं दे. पहिलं म्हणालं, कशाला, पोट तर एकच आहे, मी खाल्लं काय नि तू खाल्लं काय. पंचतंत्रातली गोष्ट आहे, तुम्हीही ऐकली असेल. मी ऐकली होती. याच कॉटवर, मराठीत, सात-आठ वर्षांची असताना. फक्त तो पक्षी हाच, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मध्येच कधीतरी आईचं भाषांतर थांबलं. ती आणि अज्जी दोघी कानडीत बोलायला लागल्या, आई हातवारे करत, हसत, मोठ्यानं. आईचा कानडीतला आवाज मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला. तो तिच्या मराठी आवाजापेक्षा मोठा आहे. मला ती थांबायला नको होती, म्हणून मी ‘काय म्हणते?’ असं विचारलं नाही. गोष्ट कुठे चाललीय ते माहीत होतंच. दुसरं तोंड रुसलं, त्याला विषारी फळ मिळालं. अज्जीनं एका हाताची चोच केली, दुसऱ्या हाताची केली आणि दोन्ही हात पोटावर आपटले. मग स्क्रीनकडे बोट करून आणखी काहीतरी म्हणाली, त्यावर मामीही दारात उभी राहून हसली.

“काय?” आता मात्र मी विचारलं.

“म्हणते, पोटावर पाटी ठोकलीय. हा मेला खाणार काय?”

खानावळीचा लोगो आणि पक्ष्याला पोट नाही! तीन आठवडे, दोन सीनियर, एक बॉस, एक मालक, कुणालाच हे दिसलं नव्हतं.

निघताना मी पाया पडले. अज्जीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी कोण हे तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं विचारलं, “ऊटा आतेन?” जेवलीस का? आम्ही एकत्रच जेवलो होतो, पण ते जाऊ दे. मामानं मागून हळूच शब्द पुरवला आणि मी म्हणाले, “आतु.” झालं. माझा उच्चार चुकला असणार, कारण ती हसली आणि तिनं तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला. मग आणखी एकदा.

सोमवारी मी ढाल काढून टाकली. पक्ष्याला पोट दिलं, जरासं गोल, जेवलेलं. पहिलं अक्षर खाली पायांत नेलं, जिथे अच्युतरायाच्या नाण्यावर हत्ती असतात. मालकांना प्रेझेंटेशन दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “छान आहे, पण याचं पोट जरा सुटल्यासारखं नाही वाटत?”

मी म्हटलं, “सर, दोन तोंडांचं एकत्र आहे.”

ते त्यांच्या पार्टनरला दाखवून कळवतो म्हणालेत.